इंजिन उघडण्याआधी चेसिस ठोकून बघा

प्रश्न: माझ्याकडे सहाचाकी मालट्रक आहे. घेतला तेव्हाच आठ वर्षांचा होता, आता पंधरा वर्षांचा झालाय. गेल्या सहा महिन्यांपासून चढाला निळसर धूर सोडतो, हजार किलोमीटरला दीड लिटर ऑइल पितो आणि तिसरा गिअर मध्येच निसटतो. आमचे मिस्त्री म्हणतात, इंजिन पूर्ण उघडावं लागेल. खर्च गाडीच्या आजच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त सांगतात. दोनच वर्षांपूर्वी क्लच, रेडिएटर आणि मागचे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) नवे केले, तो पैसा डोळ्यांसमोरून जात नाही. धाकटा भाऊ म्हणतो, जाड ऑइल घालून धूर दाबू आणि विकून मोकळे होऊ. बायको म्हणते, काहीही करा, पण नवं कर्ज नको. याच गाडीवर आमचं घर उभं राहिलं, त्यामुळे विकायला हात निघत नाही. काय करू?

उत्तर:

सप्रेम नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. धूर, ऑइल, गिअर, खर्च, घरातली मतं, सगळं तुम्ही नीट लिहिलंय. पण चेसिसबद्दल, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याबद्दल, पत्रात एक अक्षर नाही, आणि तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला तिथेच दिसतं.

इंजिन खराब झालं की मालकाला वाटतं गाडी संपली. आवाज तिथून येतो, धूर तिथून येतो, खर्चाचा मोठा आकडाही तिथूनच येतो. पण इंजिन सुटं होतं. ते उघडता येतं, त्याचे लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर), पिस्टन, पिस्टनभोवतीच्या रिंगा बदलता येतात, अगदीच गेलं तर दुसरं इंजिन बसवता येतं. गिअरबॉक्सचं तसंच. चेसिसचं तसं नाही. तिच्यावर सगळी गाडी उभी असते आणि ती सडली किंवा तडकली, तर वरचं कितीही नवं असलं तरी उपयोग नसतो.

हे मी अंगावर घेऊन शिकलो आहे. माझ्याकडे एक जुना ट्रक होता. तुमच्यासारखाच धूर, तुमच्यासारखाच खर्चाचा आकडा. चांगल्या मिस्त्रीकडून इंजिनाचं पूर्ण काम करून घेतलं. इंजिन इतकं गोड चालायला लागलं की पहिले काही दिवस मी रेडिओ लावायचो नाही. पाच महिन्यांनी मागच्या पाट्याच्या ब्रॅकेटजवळ चेसिसला तडा सापडला. आत बघितलं तर दुपदरी पट्ट्यांच्या मध्ये गंज फुगून थर सुटले होते. वेल्डिंग करून चालवायची माझी हिंमत झाली नाही. नवं इंजिन असलेली गाडी मी जवळपास भंगाराच्या भावात दिली. तो तडा इंजिन उघडण्याआधीही तिथे असणारच. मी खाली वाकून बघितलं नव्हतं, एवढंच.

म्हणून आधी खाली वाका. गाडी रिकामी करा, सपाट जागेवर लावा, चाकांना ओंडके लावा, आणि भरपूर उजेडाचा टॉर्च व एक लहान हातोडी घेऊन चेसिसच्या दोन्ही बाजू टोकापासून टोकापर्यंत ठोकत जा. धडधाकट लोखंड ठण वाजतं. पोकळ, सडलेलं लोखंड थप असा मेलेला आवाज देतं आणि खपल्या गळतात. वरवरच्या लाल गंजाने घाबरू नका, तो सगळ्याच जुन्या गाड्यांना असतो. पाटे जिथे चेसिसला धरलेत ते ब्रॅकेट, केबिनच्या मागची जागा आणि आडव्या पट्ट्यांचे रिव्हेट, या तीन ठिकाणी जास्त वेळ द्या. एखाद्या रिव्हेटच्या किंवा बोल्टच्या भोवती लालसर भुकटीचा ओघळ दिसला, तर तो जोड भार घेताना हलतोय असं समजा. ताज्या रंगाचा एखादाच पट्टा दिसला तर तिथे आधी कुणी काय झाकलंय ते खरवडून बघा. तुम्ही गाडी जुनीच घेतली होती, त्यामुळे आधीच्या मालकाच्या काळातलं वेल्डिंगही निघू शकतं. चेसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीवर केलेलं वेल्डिंग मला कधीच आवडत नाही. सगळ्यात जास्त ताण तिथेच असतो आणि वेल्डिंगच्या उष्णतेने आजूबाजूचं लोखंड कमजोर होतं, म्हणून नवा तडा बहुतेक वेळा त्या शिवणीच्या कडेलाच निघतो.

आणखी एक सोपी गोष्ट करा. चाकं ओली करून गाडी कोरड्या, सपाट जमिनीवर सरळ रेषेत पुढे न्या आणि उतरून ओले ठसे बघा. मागच्या चाकांचे ठसे पुढच्यांच्या मानाने दोन्ही बाजूंना सारखे पडायला हवेत. ते एका बाजूला सरकलेले असतील तर गाडी तिरकी चालतेय. पाट्याचा सेंटर बोल्ट तुटून अॅक्सल सरकला असेल तर थोडक्यात भागतं. पाटे तुम्ही दोन वर्षांपूर्वीच बदललेत, त्यामुळे ती बसवणीची चूकही असू शकते. पण तिथे सगळं ठीक निघालं तर चेसिसच वाकलीय का, हे मोजून घ्यावं लागेल.

आता इंजिन. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय, हे मिस्त्रींचं बरोबर. पण ऑइल जळायला रिंगाच कारण असतात असं नाही. गाडीला टर्बो (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारा पंखा) असेल आणि त्याचं सील गेलं असेल, तर ऑइल थेट हवेच्या नळीत जातं आणि धूर तसाच निळा येतो. टर्बोकडून इंजिनाकडे जाणारा पाइप सोडून आत बोट फिरवा. थोडा ओशटपणा चालतो, पण ऑइलचं थारोळं असेल तर आधी टर्बो तपासा. त्याचा खर्च इंजिनाच्या पूर्ण कामापेक्षा खूपच कमी असतो. व्हॉल्व्हची सीलं गेली असतील तर लांब उतारावर पाय काढून आल्यानंतर पुन्हा रेस देताना, किंवा सकाळी पहिल्या स्टार्टला, निळा लोट येतो आणि मग विरतो. तुमची गाडी चढाला, भार घेताना धूर सोडते. त्यामुळे माझाही संशय रिंगांवर आणि टर्बोवर जास्त आहे. पण संशयावर इंजिन उघडू नये.

गाडी चांगली तापू द्या. इंजिन मंद चालू ठेवून ऑइल भरायचं झाकण सैल करा आणि तोंडावर उलटं, नुसतं टेकवून ठेवा. हात आणि बाही फिरत्या भागांपासून लांब ठेवा. झाकण जरा थरथरलं तर काळजी नाही. ते उड्या मारायला लागलं, बाजूला जाऊन पडलं आणि तोंडातून धुराची पिचकारी यायला लागली, तर जळलेला वायू रिंगांच्या बाजूने खाली उतरतोय. सगळ्या इंजिनांची बनावट सारखी नसते, म्हणून एवढ्यावर निकाल देऊ नका, पण पुढची तपासणी करायला हे पुरेसं कारण आहे. ती तपासणी म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून ती कुठून गळते हे ऐकणं. ऑइलच्या तोंडातून सूं सूं आलं तर रिंगा किंवा लायनर, सायलेन्सरमधून आलं तर एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह, एअर फिल्टरच्या बाजूने आलं तर इनलेटचा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट किंवा हेड. एका सकाळचं काम आहे. एकाच सिलिंडरमध्ये दोष निघाला तर गोष्ट वेगळी, सगळे सारखे गळत असले तर वेगळी. मिस्त्रींना हे करायला सांगण्यात त्यांचा अपमान नाही. चांगला मिस्त्री याला हो म्हणतो.

रिंगा गेल्याच असतील तर त्या कशाने गेल्या तेही विचारा. वय हे एक कारण, पण धूळ हे त्याहून वाईट कारण. एअर फिल्टरपासून इंजिनाकडे जाणारी रबरी नळी चिरली असेल किंवा क्लिप सैल असेल, तर बारीक धूळ आत जाऊन लायनर घासते. जुनं ऑइल प्रयोगशाळेत तपासून मिळत असेल तर नक्की द्या. त्यात सिलिकॉनचं प्रमाण जास्त निघालं की धूळ जातेय असा अर्थ घेतात. ही नळी तशीच ठेवून नव्या रिंगा टाकल्या तर त्याही तशाच झिजतील.

तिसऱ्या गिअरचं थोडक्यात सांगतो. गिअर निसटतो म्हणजे आतले दातेच झिजले असं लगेच धरू नका. गिअर लिव्हरच्या जोडांचे बुश आणि इंजिन-गिअरबॉक्सची रबरी माउंटिंग आधी बघा. माउंटिंग दबून गेलं की भार येताच गिअरबॉक्स हलतो आणि गिअर बाहेर फेकतो. ते बदलून फरक पडला नाही तरच गिअरबॉक्स उतरवा.

हे सगळं झालं की हिशोबाला बसा, आणि हिशोबात घरातल्या सगळ्यांना घ्या. बहुतेक लोक दुरुस्तीचा खर्च आणि गाडीची किंमत समोरासमोर ठेवतात. खर्च निम्म्याच्या वर गेला की विका, असा एक ठोकताळा फिरतो. मला तो पटत नाही. कारण गाडी विकल्यावर तुम्ही घरी बसणार नाही, दुसरी गाडी घेणार. तुलना त्या दुसऱ्या गाडीशी करायला हवी, आणि ती महिन्याच्या हिशोबाने.

समजा तुमच्या गाडीची आजची, आहे त्या स्थितीतली किंमत 100 आहे. इंजिन आणि गिअर मिळून खर्च 70. गाडी ठेवली म्हणजे तुम्ही 170 गुंतवले, कारण विकली असती तर 100 हातात आले असते. दुरुस्तीनंतर ती तीन वर्षं चालली आणि तेव्हा 70 ला गेली, तर तुमचे 100 खर्च झाले. 36 महिन्यांनी भागा, महिन्याला साधारण 2.8. आता दुसरी बाजू. त्यातल्या त्यात नवी, वापरलेली गाडी 300 ला घेतली आणि तीन वर्षांनी ती 170 ला गेली, तर 130 खर्च झाले. महिन्याला 3.6, शिवाय कर्जाचं व्याज, शिवाय त्या गाडीचे जे काही दुखणे निघतील ते. इथे दुरुस्ती बरी दिसते.

पण हाच हिशोब दुरुस्तीनंतर गाडी एकच वर्ष चालली असं धरून करा. 170 गुंतवले, वर्षाने 80 आले, 90 खर्च झाले. महिन्याला 7.5. दुसऱ्या गाडीच्या दुपटीहून जास्त. बाकीचे आकडे तेच आहेत, बदलले ते फक्त महिने आणि थोडी विक्रीची किंमत. हे सगळे आकडे मी समजावण्यासाठी धरलेत, तुम्ही तुमचे घाला. पण घालताना लक्षात येईल की निकाल ‘दुरुस्तीनंतर किती महिने’ या एका आकड्यावर फिरतो, आणि तो आकडा इंजिन सांगत नाही. तो चेसिस, स्टिअरिंगचे जोड, पुढच्या अॅक्सलचे किंगपिन, ब्रेक, वायरिंग आणि केबिनचा तळ सांगतो. हातोडी घेऊन खाली जायला मी एवढ्यासाठीच सांगितलं.

याच हिशोबात आणखी एक ओळ घाला, उभ्या दिवसांची. गेल्या 12 महिन्यांत गाडी बिघाडामुळे किती दिवस उभी होती? त्या दिवसांचं भाडं बुडालं, ते पकडा. आणि एखादं गिऱ्हाईक त्यामुळे कायमचं तुटलं असेल तर ते वेगळं लिहा, कारण ते भाड्याच्या आकड्यात दिसत नाही. गाडी रोज लांबच्या पल्ल्याला जात असेल तर ही ओळ सगळ्यात मोठी ठरू शकते. आठवड्यातून दोन-तीन जवळच्या फेऱ्या असतील तर ती फार छोटी राहते, आणि अशा कामासाठी जुनी गाडी सांभाळणं मला शहाणपणाचं वाटतं. तुमच्या भागात गाडीच्या वयावर किंवा धुरावर मर्यादा असेल तर मात्र आधी ती विचारून घ्या. परवान्याला दोनच वर्षं उरली असतील तर 36 महिन्यांचा हिशोब मांडण्यात अर्थ नाही.

क्लच, रेडिएटर आणि पाट्यांवर घातलेले पैसे मनातून काढा. मला माहीत आहे हे सांगणं सोपं आहे. पण गाडी ठेवली तरी ते परत येणार नाहीत आणि विकली तरी पूर्ण येणार नाहीत. त्यांचा उपयोग एवढाच की ते भाग लवकर पैसे मागणार नाहीत. म्हणून त्यांना पैशांत मोजू नका, महिन्यांत मोजा. ‘एवढा खर्च केलाय तर आता सोडायची कशी’ या विचाराने मी माझ्या ट्रकवर इंजिनाचं काम केलं होतं.

तुमच्या पत्नीचं म्हणणं मला फार मोलाचं वाटतं. कर्जाचा हप्ता गाडी चालली तरी येतो, उभी राहिली तरी येतो. दुरुस्तीचा खर्च एकदा होतो आणि संपतो. दोन्ही पर्यायांचा महिन्याचा आकडा जवळपास सारखा आला, तर मी बिनकर्जाच्या बाजूने झुकेन. ओळखीच्या गाडीचं आणखी एक सुख असतं: तिचं काय दुखतं हे तुम्हाला माहीत असतं. वापरलेली दुसरी गाडी घेतली की तिची दुखणी कळायला पहिलं वर्ष जातं.

धाकट्या भावाचा सल्ला मात्र घेऊ नका. जाड ऑइलने धूर काही दिवस कमी दिसतो, हे खरं. पण झिजलेली रिंग त्याने भरून येत नाही. थंड इंजिनात जाड ऑइल वरपर्यंत पोचायला वेळ लागतो, तेवढा वेळ टर्बोचं बेअरिंग कोरडं फिरतं. म्हणजे जो माणूस गाडी घेईल, त्याच्या हातात ती आणखी लवकर जाईल. तो कोण असेल? बहुतेक तुमच्यासारखाच एखादा, साठवलेले पैसे घालून पहिली गाडी घेणारा. तो भरलेली गाडी घेऊन चढाला लागेल तेव्हा काय होईल ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळतं. गाडी विकायची ठरली तर दोष लिहून द्या. हवा सोडून केलेल्या तपासणीचा कागद दाखवा, क्लच, रेडिएटर आणि पाट्यांची बिलं दाखवा. जुन्या गाड्या घेऊन स्वतः इंजिनाचं काम करणारे मिस्त्री आणि व्यापारी असतात. त्यांना दोष माहीत असलेली गाडी हवी असते, आणि ज्याला नेमकं काय खराब आहे हे कळलंय तो भीतीपोटी भाव पाडत नाही. ब्रेक आणि स्टिअरिंग मात्र ठीक करूनच द्या. ते जमत नसेल तर गाडी चालवत देऊ नका, उचलून न्यायला सांगा.

विकण्यासाठी म्हणून इंजिनाचं काम करू नका. त्या खर्चाचा थोडाच भाग विक्रीच्या किमतीत परत येतो, कारण घेणाऱ्याला आत काय टाकलंय ते दिसत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे अर्धवट उघडलेलं इंजिन घेऊन विकायला निघणं. सुटे भाग पोत्यात भरलेली गाडी बघून माणूस भंगाराचाच भाव सांगतो. म्हणून पूर्ण निर्णय होईपर्यंत मिस्त्रींना पाना लावू देऊ नका.

तर माझं मत सांगतो. चेसिस ठण वाजली, जोडांत ढिलाई नसली आणि ठसे सरळ पडले, तर दुरुस्त करा आणि किमान तीन वर्षं वापरायचं ठरवून करा. मजुरी आणि सामान वेगवेगळं लिहून घ्या. हेड उतरलं की काम थांबवून तुम्हाला बोलवायचं, लायनर आणि क्रँकची मापं तुमच्यासमोर घ्यायची, असं आधीच ठरवा. क्रँक किंवा ब्लॉकच खराब निघाला तर तिथेच थांबून दुसऱ्या इंजिनाचा भाव काढा. आणि चेसिसला तडा निघाला, थर सुटलेला गंज निघाला किंवा जुनी वेल्डिंग फाकलेली दिसली, तर गाडीत भार भरणं त्याच दिवशी बंद करा आणि जशी आहे तशी, सांगून विका.

हात निघत नाही म्हणता, ते मला कळतं. ज्या गाडीने मुलांच्या फीचे पैसे दिले, तिच्याबद्दल असं वाटणारच. दोन आकडे जवळ आले तर त्या मायेला बिनधास्त जागा द्या, गाडी ठेवा. आकड्यांत दुपटीचा फरक असला तर देऊ नका, कारण तेव्हा माया त्याच घराच्या पैशातून फेडावी लागते.

तपासायला नेण्याआधी गाडी खालून धुऊन घ्या, म्हणजे चेसिस स्वच्छ दिसेल. इंजिन मात्र धुऊ नका. ऑइल बाहेरून गळत असेल तर त्याचे ओघळ दिसायला हवेत. हजार किलोमीटरच्या त्या दीड लिटरमधलं थोडं जळत नसून गळत असेल, आणि तसं निघालं तर हिशोब पुन्हा मांडायला मला लिहा.